मान आणि पाठ दुखतेय म्हणून जिम सोडायची का?

प्रश्न बराच लांब आहे, सगळ्यांनी पूर्ण वाचला नसेल म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलगा २७ वर्षांचा, राहायला फोंड्याजवळ, नोकरी वेर्ण्याला एका फार्मा कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये, रोज स्कूटरने बोरी पुलावरून ये-जा. संध्याकाळी जिम आठवड्याचे पाच दिवस, रविवारी फुटबॉल. चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, मानेची उजवी बाजू आणि उजव्या फऱ्याच्या हाडाची (खांद्यामागचं चपटं हाड) आतली कड दुखायला लागली, आता चार महिने होत आले. एमआरआयमध्ये सी५-सी६ला माइल्ड डिस्क बल्ज (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली) आणि मानेची कमान सरळ झालीय असं आलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं जिम कायमची बंद, ट्रेनर म्हणतो पोश्चर वाईट, घरातली मोठी माणसं म्हणतात मणक्यात गॅप आलाय, आणि ऑनलाइन मागवलेला पोश्चरचा पट्टा तीन आठवडे बांधून फरक शून्य. आता विचारतोय की जिम सोडू का आणि हे आयुष्यभर राहणार का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अठरा वर्षं झाली, आधी मडगावला नोकरी केली, आता फोंड्यात स्वतःचं छोटं क्लिनिक. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

जिम सोडू नकोस, पण आत्ता करतोयस तशीही करू नकोस. आणि आयुष्यभर राहील का, तर तू लिहिलेल्या गोष्टींवरून तसं वाटत नाही. फक्त तुला न बघता, हात न लावता मी हे लिहितेय, त्यामुळे काही गोष्टी तुझ्या तूच तपासायच्या आहेत आणि त्या आधी.

पहिली म्हणजे दुखणं हातात उतरतंय का. मान किंवा खांद्यापर्यंत असेल तर वेगळं, पण कोपराच्या खाली मुंग्या, बधीरपणा, करंट गेल्यासारखी कळ असेल तर वेगळं. अंगठ्याकडे मुंग्या म्हणजे साधारण सी६ची शीर, मधलं बोट सी७, करंगळी सी८, हे अगदी शंभर टक्के बरोबर नसतं पण दिशा कळते. तू हातात काही होत नाही असं लिहिलंयस, ते चांगलं आहे. दुसरं, हातातली ताकद किंवा सफाई कमी झालीय का, म्हणजे शर्टाची बटणं लावताना, चावी फिरवताना चाचपडायला होतं, चालताना पाय अडखळतात, लघवीवर ताबा राहत नाही, असं काहीही असलं तर व्यायामबियाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचा. ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री कुठल्याही कुशीवर कमी न होणारं दुखणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, हेही तसंच. अचानक कधी नव्हती अशी मानदुखी-डोकेदुखी आणि सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं असेल तर १०८ला फोन. छाती भरून येऊन पाठीत कळ, किंवा अचानक पाठीत-छातीत टोचून दम लागणं (उंच, किडकिडीत तरुण मुलांमध्ये फुप्फुसाबाहेर हवा साठून असं होतं), हेही मानेचं म्हणून घरी शेकत बसायचं नाही.

आणि एक असं आहे जे तुझ्या वयात हमखास सुटतं. सकाळी उठल्यावर पाठ-मान अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली असते, हालचाल केली की मोकळी होते, आराम केला की उलट वाढते, रात्री अडीच-तीनला दुखून जाग येते, असं तीन महिन्यांच्या वर चाललं असेल तर सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस वगैरे. ते चाळिशीच्या आत सुरू होतं. त्यासाठी संधिवाताचे डॉक्टर, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, मी नाही. माझ्याकडे एक मुलगा दीड वर्ष 'जिममुळे' म्हणून मान शेकत होता आणि दुखणं हे होतं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

यातलं काही नाही असं धरून पुढे जाते.

आता तुझा एमआरआय. तो रिपोर्ट वाचून तू घाबरलास हे उघड दिसतंय, सगळेच घाबरतात, रिपोर्टची भाषाच तशी असते. पण जपानमध्ये बाराशेहून जास्त, नेमकं सांगायचं तर १२११, मान न दुखणाऱ्या माणसांचे मानेचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते छापून आलं. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांना कुठे ना कुठे डिस्क बल्ज होता. विशीतल्या पोरांमध्ये सुद्धा, मुलांत ७३ टक्के आणि मुलींत ७८. म्हणजे तुझ्या फुटबॉलच्या टीममधल्या अकराच्या अकरा जणांचा एमआरआय काढला तर सात-आठ जणांच्या रिपोर्टमध्ये बल्ज निघेल आणि त्यातले बहुतेक जण मजेत हेडर मारत असतील. केस पिकतात तसं थोडंफार डिस्कचंही होतं, फक्त ते लवकर सुरू होतं एवढंच. कमान सरळ होण्याचंही तेच, दुखत असताना स्नायू आखडलेले असतात, मशीनमध्ये झोपवतात तेव्हा मान कशी ठेवली त्यानेही कमान बदलते, आणि काही दुखत नसलेल्या लोकांतही ती सापडते. 'गॅप आला', 'शीर दबली', 'मणका सरकला' हे शब्द आपल्याकडे प्रत्येक दुखण्याला वापरतात, आणि खरं सांगायचं तर यातले निम्मे शब्द लोकांना आम्हीच शिकवले, डॉक्टर आणि फिजिओंनी. तुझ्या बाबतीत ना गॅप आलाय ना काही सरकलंय. सी५-सी६चा बल्ज तुझ्या दुखण्यात थोडाफार भाग घेत असेलही, नाही असं मी म्हणत नाही, फऱ्याच्या हाडाच्या आतल्या कडेला जे खुपतं ते पुष्कळदा मानेच्या खालच्या सांध्यांतून आणि डिस्कमधून आलेलं असतं, म्हणून तिथे कितीही चोळलं तरी तासाभरात परत. पण तो आहे म्हणून वजन उचलायचं नाही हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मग नेमकं झालं काय? तू शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीयस, पावसात जवळजवळ दोन महिने जिमला दांडी होती. मला विचारशील तर अख्ख्या प्रश्नातली महत्त्वाची ओळ तीच, आणि ती तू सगळ्यात शेवटी टाकलीस.

बघ कसं झालं. जुलै-ऑगस्ट जिम बंद. पाऊस थोडा ओसरल्यावर परत गेलास आणि जूनमध्ये जी वजनं मारत होतास तिथूनच सुरू केलंस, सगळे तेच करतात, कारण डोक्याला वजन आठवतं, स्नायूंची मात्र दोन महिन्यांत सवय गेलेली असते. त्यातच चवथ आली. आता गोव्याबाहेरच्या कुणाला सांगायचं तर आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकट, तिला रानातली फळं, सुपाऱ्यांचे घड, नारळ, तोरिंगं, कांगणं, काय काय, आणि हे सगळं हात वर करून मान मागे टाकून तीन-तीन चार-चार तास. घरातला तरणाबांड मुलगा म्हणजे तूच चढला असणार. मग पाच दिवस रात्री आरत्या, घुमट वाजवणं, जागरण, पाहुण्यांमुळे चटईवर नाहीतर सोफ्यावर झोप. मग परत कामावर, आणि तू लिहिलंयस की तेव्हाच कंपनीत ऑडिट होतं. लॅबमधली माणसं माझ्याकडे येतात ती ऑडिटच्या आगेमागेच येतात, हे मी इतक्या वर्षांत ओळखून आहे, बारा-बारा तास खुर्चीत, झोप कमी, जेवण अवेळी, डोक्यावर टेन्शन. यातलं एकेक सुटं आलं असतं तर तुझ्या मानेने निभावून नेलं असतं. पंधरा दिवसांत सगळं एकदम आलं.

म्हणजे पोश्चर वाईट किंवा मणका खराब हा मुद्दा नाहीये. भार एकदम वाढला आणि झेलायची ताकद तेव्हा खाली होती. नंतर तू काय केलंस, तर दुखलं की आठ दिवस सगळं बंद, बरं वाटलं की एकदम पूर्ण वजन, दुखलं की परत बंद. चार महिन्यांत चार-पाच वेळा झालं असेल. याने ताकद वाढतच नाही, दर वेळी थोडी घटते, आणि दर वेळी मान आधीपेक्षा कमी भारात कुरकुरायला लागते. ॲक्टिव्ह मुलांमध्ये मला सर्वात जास्त हेच दिसतं, आळशी माणसाची मान वेगळ्या कारणाने दुखते.

पोश्चरबद्दल थोडं जास्त बोलते कारण सगळे तिथेच अडकतात. ते चित्र तू पाहिलं असशील, मोबाइलकडे मान वाकवलेला माणूस आणि बाजूला लिहिलेलं की ६० अंश वाकलं की मानेवर २७ किलो भार. ते न्यूयॉर्कच्या एका सर्जनने २०१४ साली कॉम्प्युटर मॉडेलवर काढलेलं गणित होतं. डोकं साडेचार-पाच किलोचं, ते पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढ बसते, इथपर्यंत ठीक. पण त्यात कुणा माणसाची मान दुखते का हे पाहिलेलंच नव्हतं. आणि २७ किलोला घाबरायचं कशाला, तू डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, शंभर किलोच्या वर मारतोस म्हणतोस. शरीराला भार चालतो, हळूहळू सवय लावली तर. वाकून बसल्याने मान मोडत नाही, तासन् तास एकाच जागी बसल्याने कुरकुरते, ताठ बसलास तरी कुरकुरेल. तो पट्टा बांधल्यावर तू तीन आठवडे ताठ बसलास, आणि वर लिहिलंस की पाठ अजून जड झाली. होणारच. काढून टाक तो.

सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी पण प्रत्येकाला गळ्याला बांधायची कॉलर द्यायचे, 'मान खाली घालायची नाही' सांगायचे, अगदी तोंडपाठ. एक शिवणकाम करणारी बाई होती डिचोलीची, तिला मी हे सांगितलं आणि तिने खरंच मान खाली घालणं बंद केलं, म्हणजे कामच बंद केलं. सहा महिन्यांनी आली ती आधीपेक्षा जास्त दुखत घेऊन, मान कुठेच वळवायला तयार नाही, घाबरून. तेव्हापासून मी 'हे करू नका'ची यादी देणं सोडलं.

तर आता जिमचं. पहिले दोन आठवडे पाच दिवसांचे तीन दिवस कर. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत गेलं तर चालेल, व्यायाम करताना थोडं जाणवणं म्हणजे काही फाटतंय असं नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर दुखणं आदल्या दिवसाएवढंच असेल तर तेवढा भार पचला, वाढलं असेल तर पुढच्या वेळी वीस-तीस टक्के कमी कर, पण शून्यावर जाऊ नकोस. हे एवढं एक जमलं तर बाकीचं मी नाही सांगितलं तरी चालेल.

ओव्हरहेड प्रेस आणि श्रग्ज तूर्त अर्ध्या वजनावर किंवा दोन आठवडे बाजूला. मानेमागे बार उतरवून लॅट पुलडाउन करत असशील तर ते पुढूनच कर, मागून करण्याने वेगळा काही फायदा मिळतो असं मला कधी दिसलं नाही. पुल-अपला शेवटच्या दोन रेपला हनुवटी बाहेर काढून बारवर नेतोस ना, सगळे नेतात, ते दोन रेप सोड. क्रंचेसला डोक्यामागे हात घेऊन मान ओढणं बंद. बेंचवर डोकं बेंचमध्ये जोरात रुतवतो का बघ, व्हिडिओ काढून बघितलंस तर कळेल, स्वतःला जाणवत नाही. रोइंगचे प्रकार मात्र वाढव, केबल रो, एका हाताने डंबेल रो, फेस पुल, हे बहुतेकांना दुखत्या पाठीतही चालतात आणि बरं वाटतं. डेडलिफ्ट चालू ठेव, वजन साठ टक्क्यांवर आणून, मान आरशाकडे वर काढायची नाही, नजर समोर चार-पाच फुटांवर जमिनीकडे. ट्रेनरला सांग मी फिजिओशी बोललोय, उगाच वाद घालू नकोस, ते लोक वाईट नसतात, फक्त त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला पोश्चर हे एकच उत्तर असतं जसं आमच्याकडे पूर्वी कॉलर होतं.

फुटबॉल खेळ. हेडिंग दोन-तीन आठवडे टाळ, बाकी पळायला काही हरकत नाही, उलट पळून दम लागला की मान मोकळी वाटते हे तुलाही जाणवलं असेल.

आता मानेचे वेगळे व्यायाम. इथे दोन जुने अभ्यास मी पेशंटला नेहमी सांगते. फिनलंडमध्ये १८० ऑफिसला काम करणाऱ्या, जुनाट मानदुखी असलेल्या बायकांना वर्षभर घेतलं, २००३ साली छापून आलं. ज्यांनी मान-खांद्याची ताकद वाढवली त्यांचं दुखणं नुसतं स्ट्रेचिंग आणि एरोबिक करणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त कमी झालं. दुसरा डेन्मार्कचा, २०११चा, १९८ जण, इलॅस्टिकच्या ट्यूबने दोन्ही हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, आठवड्याचे पाच दिवस, दहा आठवडे. एका गटाला रोज बारा मिनिटं, एका गटाला फक्त दोन मिनिटं. दोन्ही गटांना फायदा झाला. दोन मिनिटं! वेळ नाही म्हणणाऱ्या माणसाला मी हाच सांगते, कारण दोन मिनिटं नाहीत असं तोंड वर करून कुणाला म्हणता येत नाही.

तुझ्यासाठी मी असं लावीन. रोज सकाळी ट्यूबचे ते दोन मिनिटं, स्नायू जळजळेपर्यंत. मग पाठीवर झोपून डोकं न उचलता हळूच 'हो' म्हणतो तशी हनुवटी खाली, घशाच्या पुढच्या आतल्या बारीक स्नायूंना काम लागलं पाहिजे, बाहेरचे दोन दोरीसारखे स्नायू ताणून उभे राहिले तर जास्त जोर लावतोयस. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. सोपं वाटेल, सहाव्या-सातव्याला मान थरथरते, डेडलिफ्ट शंभरची करणाऱ्यांची सुद्धा थरथरते आणि मग ते ओशाळतात. नंतर जिमच्या तीन दिवसांत बसून तळहाताने कपाळ, मागे, डाव्या-उजव्या बाजूने दाबून मान न हलवता रोखणं, अर्ध्या जोराने सुरू करून तीन-चार आठवड्यांत पाऊण जोरापर्यंत. भिंतीला हात टेकवून पुश-अप आणि वर आल्यावर पाठ अजून थोडी मागे ढकलणं, पंधराचे तीन सेट, हे फऱ्याच्या हाडाला छातीच्या पिंजऱ्याशी धरून ठेवणाऱ्या स्नायूसाठी. आणि पाठीचा मधला भाग मोकळा करायला कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, वरचा हात पुस्तक उघडतो तसा मागे नेणं, दोन्ही बाजूंना आठ-दहा वेळा. त्या मधल्या भागाला बारा बरगड्यांच्या जोड्या जोडलेल्या असतात म्हणून तो मुळातच कमी हलतो, आणि तिथे हालचाल आणखी कमी झाली की वरच्या मानेला जास्त करावी लागते, वळून मागे बघताना सगळी वळण मानेतूनच येते. स्कूटर चालवणाऱ्याला हे दिवसातून शंभर वेळा लागतं.

स्कूटरवरून आठवलं. लॅपटॉपची बॅग एका खांद्याला लटकवून एवढं अंतर जाऊ नकोस, दोन्ही खांद्यांवर घे किंवा पुढे पाय ठेवायच्या जागी. खड्डे बघत मान पुढे काढून, खांदे कानाला लावून चालवतो आपण, विशेषतः पावसात आणि अंधारात, सिग्नलला थांबलास की मुद्दाम खांदे सोड. हेल्मेट दीड किलोच्या आसपास असतं, त्याने मान दुखते असं कित्येकजण सांगतात आणि काढून हँडलला अडकवतात. मान दुखली तर माझ्याकडे येता येतं, डोकं फुटलं तर मी काही करू शकत नाही. मापाचं घे, सैल हेल्मेट वाऱ्याने मागे ओढलं जातं आणि खरी तक्रार त्याची असते.

लॅबमध्ये तुला दोन वेगळी कामं आहेत, टेबलावर वाकून पिपेटने काम आणि नंतर स्क्रीनसमोर बसून क्रोमॅटोग्राम, म्हणजे चाचणीचे आलेख, बघणं. एकापाठोपाठ एक सगळं पिपेटिंग आणि मग चार तास स्क्रीन असं न लावता जमेल तेवढं आलटून-पालटून लाव. सगळ्यांना ते हातात नसतं हे मला माहीत आहे, मशीनची वेळ ठरलेली असते. मग निदान अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याची बाटली भरून ये, लहान बाटली ठेव म्हणजे आपोआप उठावं लागतं. खुर्चीवर हजारो रुपये घालायची गरज नाही, स्क्रीन डोळ्यासमोर असावी आणि कोपर टेकायला जागा असावी, पुरे.

उशीबद्दलही विचारलंयस. जादूची उशी नसते, महागडी मेमरी फोमची असो की घरची कापसाची. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल एवढी, पाठीवर झोपणाऱ्याला त्याहून पातळ. पोटावर झोपायची सवय असेल तर मान अख्खी रात्र एका बाजूला वळलेली राहते, ती सवय मोडायला वेळ लागतो, आधी झोपेची वेळ वाढव. पाच तास झोपणाऱ्याचं दुखणं सात तास झोपणाऱ्यापेक्षा हळू बरं होतं, हे मी रोज बघते, व्यायाम तोच असतो.

मसाज, शेक, सुया, कपिंग, टेप यांचं काय? बरं वाटत असेल तर करून घे, मी पण करते पेशंटला. पण दोन दिवसांचा आराम मिळतो, त्या दोन दिवसांत व्यायाम करून घ्यायचा एवढाच त्याचा उपयोग. फक्त मसाजवर महिन्याला चार-पाच हजार घालवणारे लोक बघते तेव्हा मला वाईट वाटतं, बिल मीच फाडत असले तरी. गोळ्यांचं तुझ्या डॉक्टरांना विचार, दुखणं खूप वाढलेल्या तीन-चार दिवसांत त्यांचा उपयोग होतो, पण मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन् महिने पेनकिलर खाऊ नकोस, पोट आणि किडनी दोन्हीवर बसतं. आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान धरून कट्कन मोडतात ते तर अजिबात नाही. फार क्वचित, पण मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊन स्ट्रोकपर्यंत गेलेल्या केसेस आहेत. वीस रुपयांच्या सुखासाठी ती जोखीम कशाला.

किती दिवस लागतील हे सांगणं कठीण, चार महिने जुनं आहे, ऑडिट परत येणार, झोप तुझ्या हातात पूर्ण नाही. साधारण तुझ्यासारख्या मुलांना तीन-चार आठवड्यांत 'दुखतं पण भीती गेली' एवढा फरक पडतो, आणि सहा ते बारा आठवड्यांत जिमची जुनी वजनं परत येतात. मध्ये एक-दोनदा उसळून येईल, सरळ रेषेत कुणाचंच उतरत नाही. तेव्हा परत पहिल्या पानावर गेलो असं समजून सगळं बंद करू नकोस, दोन-तीन दिवस वजन अर्धं कर आणि चालू ठेव. पुढच्या वर्षभरात परत कधीतरी मान अवघडेल याचीही शक्यता आहे, मानदुखी पुन्हा पुन्हा यायची तिची खोडच आहे, फक्त तेव्हा तुला काय करायचं हे माहीत असेल. सहा आठवडे हे नीट करून दहापैकी एकानेही कमी झालं नाही, किंवा हातात मुंग्या सुरू झाल्या, तर जवळच्या फिजिओला किंवा ऑर्थोला प्रत्यक्ष दाखव, एमआरआय घेऊन जा पण त्यांना आधी मान तपासू दे आणि रिपोर्ट नंतर काढ. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातही ओपीडी आहे, पैशांचा प्रश्न असेल तर.

आणि एक, पुढच्या जुलैत पाऊस कितीही असला तरी जिम पूर्ण बंद करू नकोस, आठवड्याला दोन दिवस घरी ट्यूब आणि पुश-अप एवढं पुरतं, आणि परत गेलास की पहिल्या आठवड्याला जूनच्या निम्म्या वजनावर सुरू कर. माटोळी बांधताना स्टुलावर चढून पाय उंचावून हात वर ताणू नकोस, चांगली उंच शिडी आण म्हणजे बांधायची जागा छातीसमोर येते, आणि धाकट्या भावाला अर्धा वेळ चढव. शहाळी-नारळ तो बांधू दे, सुपाऱ्या तू बांध.